भूल दिलेला हात ऊबदार का होतो?

काखेत किंवा कॉलरबोनच्या वर सुई देऊन फक्त हातच बधिर केला, की काही मिनिटांत तळहात ऊबदार होतो आणि शिरा टचटचीत फुगतात. रुग्णाला हात जड झाल्याचे जाणवते. भूलतज्ज्ञ मात्र या उबेवरून ही भूल, म्हणजेच ‘ब्लॉक’, लागू पडत असल्याचे ओळखतात.

हाताच्या मज्जातंतूंत वेदना नेणाऱ्या आणि स्नायू हलवणाऱ्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणारे सिम्पथेटिक तंतूही असतात. औषधाने त्यांचे संदेश थांबले, की वाहिन्या सैलावतात. प्रवाहाच्या गणिताप्रमाणे, दाब तोच राहिला तर नळीची त्रिज्या दुप्पट झाल्यावर प्रवाह 16 पट होतो. म्हणून थोडे सैलावणेही मोलाचे ठरते. बोटांच्या टोकांत आणि तळहातात धमनी-शिरांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या दाट असल्याने ऊब तिथेच जास्त चढते. स्वस्थ हाताच्या धमनीत एरवी दोन ठोक्यांच्या मधे प्रवाह जवळपास थांबतो. ब्लॉकनंतर तो तेव्हाही पुढे वाहत राहतो, हे डॉपलरवर स्पष्ट दिसते.

1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केला आणि लवकरच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड मज्जातंतूंत ते टोचू लागले. 1911 मध्ये जर्मनीत हिर्शेल यांनी काखेतून, तर कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनच्या वरून हाताला भूल दिली. पुढे सोनोग्राफी आली आणि सुईचे टोक पडद्यावर दिसू लागले.

ब्लॉकने वाढलेल्या या प्रवाहाचा सर्वांत मोठा लाभ डायलिसिसच्या रुग्णांना होतो. 1966 मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी डायलिसिससाठी मनगटाची धमनी शिरेला जोडण्याची फिस्टुलाची पद्धत प्रसिद्ध केली. अनेक फिस्टुला सुरुवातीलाच बंद पडतात. ग्लासगोतील 126 रुग्णांची चाचणी 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. तीन महिन्यांनी ब्लॉक दिलेल्यांपैकी 84 टक्के फिस्टुला चालू होते. जखमेपुरती भूल दिलेल्यांत 62 टक्के. जखमेपुरत्या भुलीने त्वचा बधिर होते, ब्लॉकने मात्र सगळ्या हाताच्या वाहिन्या सैलावतात.

तुटलेले बोट जोडल्यावरही बारीक नळीतून औषध चालू ठेवून हा प्रवाह टिकवण्याचा प्रयत्न होतो. पण मर्यादा ओळखायला हव्यात. ब्लॉक आवळलेली वाहिनी सैल करतो, गुठळी विरघळवत नाही. चिरडलेल्या हातात सूज वाढून स्नायूंवर दाब आला, तर त्याची सूचना देणारी वेदनाच दडपली जाऊ शकते. मानेतून दिलेल्या ब्लॉकने श्वासपटलाचा मज्जातंतूही बधिर होतो, म्हणून फुप्फुसे कमजोर असलेल्यांत जपावे लागते. घरी गेल्यावर बधिर हात झोळीत ठेवावा आणि गरम वस्तूंपासून दूर राखावा.

वेदना थांबवणे हे भुलीचे पहिले काम खरेच, पण फिस्टुलाच्या रुग्णाला तिच्याकडून त्याहून अधिक मिळू शकते. म्हणून घरात कोणाचा फिस्टुला व्हायचा असेल, तर शस्त्रक्रियेआधीच सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला विचारा: ‘हा ब्लॉकखाली करता येईल का?’