प्रवासपटाचे संकलन : शैक्षणिक सहलीच्या छायाचित्रांची मांडणी आणि प्राथमिक व्हिडिओ-संपादन

बीजशब्द : शैक्षणिक सहल, छायाचित्र-वर्गीकरण, संकलन, प्रवासपट, वेरूळ-अजिंठा

प्रस्तावना :
महाविद्यालयीन शिक्षणात शैक्षणिक सहलीला महत्त्वाचे स्थान आहे. पूर्वी सहलीचा वृत्तांत चार-पाच छायाचित्रांसह वार्षिक अंकात छापला जात असे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल आहे. त्यामुळे छायाचित्रे उदंड झाली, पण त्यांतून पाहण्याजोगा आणि वर्गात दाखवता येईल असा प्रवासपट क्वचितच तयार होतो. संपादनाचे सॉफ्टवेअर येत नाही, हे याचे कारण सांगितले जाते. प्रत्यक्षात अडचण त्याआधीच निर्माण झालेली असते. कोणते छायाचित्र कोठले आणि केव्हाचे, हेच कोणाला सांगता येत नाही.

मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संपादनासाठी ‘संकलन’ हा शब्द रूढ आहे. या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र करणे, जुळवणे असा आहे. कापणे आणि जोडणे ही क्रिया नंतरची, गोळा करून नीट लावणे हे आधीचे, असा क्रमच जणू हा शब्द सुचवितो. प्रस्तुत लेखात या क्रमानेच नवशिक्यासाठी आवश्यक बाबींचा विचार केला आहे. उदाहरणादाखल वेरूळ-अजिंठा ही महाराष्ट्रातील इतिहास विभागांच्या परिचयाची सहल घेतली आहे.

नोंदीविना छायाचित्र : एक धोका
वेरूळ येथील लेणे क्रमांक १० (विश्वकर्मा) आणि अजिंठा येथील लेणे क्रमांक २६ ही दोन्ही चैत्यगृहे आहेत. दोन्ही ठिकाणी स्तूपाच्या पुढील बाजूस पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती आहे. अंधारात घेतलेली या दोन मूर्तींची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. प्रवासपटात निवेदन अजिंठ्याचे आणि चित्र वेरूळचे असे झाले, तर ती केवळ तांत्रिक चूक राहत नाही. पुढील वर्षी तोच पट पाहणारे विद्यार्थी चुकीचा इतिहास शिकतात. पडद्यावर दिसलेली गोष्ट सहसा कोणी तपासून पाहत नाही, म्हणून ही चूक छापील चुकीपेक्षा अधिक काळ टिकते.

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि सोय सुरू असल्यास स्थान यांचीही नोंद होते. हिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी स्थाननोंद असलेली छायाचित्रे मागितली जातात, त्यामुळे ही बाब प्राध्यापकवर्गास अपरिचित नाही. मात्र व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले की त्याचा आकार कमी होतो आणि ही नोंदही निघून जाते. तेच छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. सहलीच्या ग्रुपवर जमलेल्या छायाचित्रांवरून पट तयार करू नये, याचे कारण हेच होय.

सहलीदरम्यान घ्यावयाची काळजी :
चांगल्या संकलनाचा पाया सहलीतच घातला जातो. त्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

१) सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे निघण्यापूर्वी जुळवावीत. एका कॅमेऱ्याचे घड्याळ तासभर मागे असले, तर सर्व छायाचित्रे एकत्र करताच क्रम विस्कटतो. सर्वांनी प्रारंभी एकाच घड्याळाचे छायाचित्र घेतल्यास नंतर फरक मोजता येतो.

२) लेण्यात शिरण्यापूर्वी बाहेरील क्रमांकाच्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. खडकाच्या आत उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे मोबाइलमधील स्थाननोंद तेथे चुकू शकते. फलकाचे चित्र मात्र पुढील सर्व छायाचित्रांची ओळख पटवते.

३) दूरचे, मध्यम अंतरावरील आणि जवळचे अशी प्रत्येक स्थळाची किमान तीन दृश्ये घ्यावीत. चित्रीकरण करताना कॅमेरा दहा सेकंद स्थिर धरावा.

४) अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी हा नियम काटेकोरपणे पाळावा.

छायाचित्रांचे वर्गीकरण :
सहलीहून परतल्यावर पहिले काम म्हणजे मूळ फाइली एका ठिकाणी आणणे. ‘मूळ’, ‘निवड’, ‘ध्वनी’ आणि ‘पूर्ण’ असे चार फोल्डर प्रारंभी पुरेसे होतात. ‘मूळ’ फोल्डरमधील एकही फाइल बदलू किंवा पुसू नये. फाइलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर स्थळ लिहावे, उदा. ‘२०२४-१२-१४_वेरूळ_लेणे१०_००३’. या पद्धतीने नावे दिली की संगणक ती आपोआप कालक्रमाने लावतो. दिवस आधी लिहिल्यास निरनिराळ्या महिन्यांच्या फाइली एकमेकींत मिसळतात.

नोंद हरवलेल्या छायाचित्राविषयी शंका आल्यास इतर पुरावे तपासावेत. अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. म्हणजे घड्याळ बरोबर असताना सोमवारची तारीख असलेले लेण्याच्या आतील छायाचित्र अजिंठ्याचे मानता येणार नाही. तरीही ओळख पटली नाही, तर ते छायाचित्र पटात घेऊ नये. इतिहासाच्या अभ्यासकाने संशयित कागदपत्राबाबत पाळावयाची शिस्त येथेही लागू होते.

यानंतर निवड. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी शंभर छायाचित्रे घेतली, तर संख्या ४००० होते. पाच मिनिटांचा पट म्हणजे ३०० सेकंद. प्रत्येक छायाचित्र चार सेकंद दाखविल्यास फक्त ७५ छायाचित्रे बसतात. म्हणजेच शंभरांतील दोनसुद्धा पडद्यावर येत नाहीत. एवढी कठोर निवड एका बैठकीत होत नाही. पहिल्या फेरीत अस्पष्ट व पुनरावृत्त चित्रे बाजूला काढावीत, दुसऱ्या फेरीत प्रत्येक स्थळाची उत्तम चित्रे ठरवावीत आणि तिसऱ्या फेरीत कथनाला आवश्यक तेवढीच ठेवावीत.

संपादनाची प्राथमिक तंत्रे :
शॉटकट, ओपनशॉट, केडेनलाइव्ह ही मुक्त सॉफ्टवेअरे, तसेच डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती नवशिक्यास उपलब्ध आहे. या सर्वांत मूळ फाइल कापली जात नाही. कोणती फाइल कोठून कोठपर्यंत दाखवायची, एवढीच नोंद प्रकल्पात ठेवली जाते. म्हणून काम सुरू झाल्यावर फोल्डर हलविला किंवा फाइलचे नाव बदलले, तर सॉफ्टवेअरला ती सापडत नाही. वर्गीकरण आधी आणि संपादन नंतर, या क्रमामागे हे तांत्रिक कारणही आहे.

दृश्यांचा क्रम अर्थ घडवतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या आसपास अभिनेत्याचा एकच चेहरा निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखविला. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यावर निरनिराळे भाव जाणवले, असे सांगितले जाते. भारतात दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. रोपाची ठरावीक अंतराने घेतलेली चित्रे क्रमाने लावताच वाढ पडद्यावर दिसू लागली. स्थिर चित्रांतून चलत्पट साधण्याचा हा आरंभीचा भारतीय धडा आजही मार्गदर्शक ठरावा.

स्थिर छायाचित्रावर सावकाश सरकण्याचा किंवा जवळ जाण्याचा परिणाम अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ओळखला जातो. तो अर्थपूर्ण हवा. वेरूळचे कैलास लेणे (क्रमांक १६) कळसाकडून पायाकडे कोरले गेले आहे. त्याच्या छायाचित्रावर दृष्टी वरून खाली नेली, तर कोरण्याची दिशाच प्रेक्षकाच्या ध्यानी येते. प्रत्येक चित्रावर असे परिणाम वापरल्यास मात्र त्यांचा अर्थ नाहीसा होतो. भित्तिचित्रांच्या रंगांवर आकर्षक फिल्टर लावणे तर टाळावेच, कारण तेथे रंग हाच पुरावा आहे.

निवेदन आधी लिहून ध्वनिमुद्रित करावे आणि चित्रे त्यानुसार लावावीत. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटगीते सर्रास वापरली जातात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ लक्षात घेता, पट सार्वजनिकरीत्या प्रसारित करावयाचा असल्यास परवाना असलेले अथवा मुक्त संगीतच घ्यावे. लेण्यातील पावलांचे, पक्ष्यांचे, मार्गदर्शकाच्या बोलण्याचे मूळ ध्वनी अनेकदा अधिक परिणामकारक ठरतात.

जतन :
साधने बदलत राहतात. एके काळी घरोघरी वापरला जाणारा पिकासा गुगलने २०१६ मध्ये बंद केला, तर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज मूव्ही मेकर देणे थांबविले. त्यामुळे चित्रांची ओळख केवळ सॉफ्टवेअरच्या अल्बममध्ये न ठेवता फाइलीच्या नावात आणि साध्या मजकुराच्या यादीतही असावी. मूळ संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक विभागाबाहेर, हा नियम व्यवहार्य आहे.

समारोप :
प्रवासपट तयार करणे हे मुख्यतः संगणकाचे कौशल्य आहे, असा समज आढळतो. वरील विवेचनावरून असे दिसते की, नोंद, वर्गीकरण, शंका आणि निवड या अभ्यासकाच्या परिचित कृतीच येथेही निर्णायक ठरतात. सॉफ्टवेअर विद्यार्थी आठवडाभरात शिकतात, किंबहुना अनेकदा तेच प्राध्यापकांना शिकवितात. ‘हे चित्र कोठले, कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र प्राध्यापकांनीच लावावी लागेल. ती लागली, तर वेरूळचा बुद्ध अजिंठ्याच्या नावाने पडद्यावर येणार नाही आणि सहलीचा पट पुढील तुकड्यांना विश्वासाने दाखविता येईल.