सॉकेट टेस्टरवर किती भिस्त ठेवावी ?



गळीत हंगाम आटोपला की विद्युत विभागातल्या आम्हा लोकांना थोडी उसंत मिळते, आणि मग सभासदांच्या घरच्या व वस्तीवरच्या विजेच्या तक्रारी आमच्याकडे येऊ लागतात. अलीकडे त्यात एक नवी गोष्ट दिसते. बऱ्याच जणांनी थ्री पिनमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर आणला आहे. वस्तू स्वस्त, हाताळायला सोपी, म्हणून खपही चांगला. पण त्याबरोबर एक प्रश्नही येतो : "टेस्टर म्हणतो सगळं बरोबर, मग फ्रिजला करंट कसा लागतो ?" त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख.

आपल्याकडील थ्री पिन सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. तीन भोकांच्या तीन जोड्या होतात. टेस्टरमध्ये प्रत्येक जोडीसाठी एक बारीक दिवा असतो. फेज-न्यूट्रलचा आणि फेज-अर्थिंगचा असे दोन दिवे पेटले व न्यूट्रल-अर्थिंगचा तिसरा विझलेला राहिला, तर जोडणी बरोबर. दिव्यांचा क्रम व रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या टेस्टरवरून आपला वाचू नये. अंगावर छापलेला तक्ता पाहावा.

या साधनाचा उपयोग नाही असे मुळीच नाही. अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल तर फेज-न्यूट्रलचा एकच दिवा पेटतो. आपल्या खेड्यापाड्यांतल्या निम्म्या तक्रारी इथेच सापडतात, कारण पुष्कळ घरांत थ्री पिन बसवलेला असतो पण वरच्या भोकामागे तारच नसते. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तिसरा दिवा पेटून तेही कळते. ही चूक साधी समजू नये. बटण बंद केले तरी फेज इस्त्रीपर्यंत, पाणी तापवायच्या रॉडपर्यंत पोचलेलाच राहतो. नवे वायरिंग ताब्यात घेताना घरातले प्रत्येक सॉकेट पाच मिनिटांत तपासून होते. वायरमनलाही हे साधन सोयीचे आहे.

आता राळेगणसिद्धीची हकिकत सांगतो. आमच्या थोरल्या आक्कांना त्या गावी दिले आहे. (उसाच्या सभासदांपुढे या गावाचे नाव काढायला जरा संकोच वाटतो. १९७५ नंतर नालाबांध, पाझर तलाव करून त्यांनी पाणी अडवले आणि ते पुरावे म्हणून ऊस न लावण्याचे ठरवले !) दाजींनी नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, असाच टेस्टर आणून घरभर लावून पाहिला. सगळीकडे 'बरोबर'. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, वाऱ्याने सर्व्हिस वायर तुटली, ती पुन्हा जोडली गेली. दुसऱ्या दिवशी आक्का ओल्या फरशीवर उभ्या राहून फ्रिज पुसायला गेल्या आणि जबर झटका बसून मागे फेकल्या गेल्या. नशीब की हात सुटला.

मी पोचलो तेव्हा दाजींनी तोच टेस्टर खोचून दाखवला. पुन्हा 'बरोबर'. मी खिशातला साधा स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर काढून वरच्या, अर्थिंगच्या भोकाला लावला. दिवा लख्ख पेटला. ज्या भोकात कधीही करंट असू नये तिथे फेज होता !

मेन बंद करून सॉकेट उघडले तेव्हा उलगडा झाला. घराला जमिनीतले अर्थिंगच नव्हते. कोणी तरी वायरमनने आतल्या आत न्यूट्रलच्या पितळी स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूला तारेचा तुकडा लावून ठेवला होता. त्यामुळे टेस्टरला अर्थिंग दिसत होते. पावसानंतर सर्व्हिस वायर जोडताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली. आता डाव्या भोकात फेज आला, आणि त्या तुकड्यामुळे वरच्या भोकातही फेज आला, म्हणजे फ्रिजच्या पत्र्यातही. उजव्या भोकात न्यूट्रल राहिला. टेस्टरला काय दिसते पाहा : उजव्या-डाव्यामध्ये २३० व्होल्ट, उजव्या-वरच्यामध्ये २३० व्होल्ट, डाव्या-वरच्यामध्ये शून्य. दोन दिवे पेटलेले, तिसरा विझलेला. त्याच्या हिशेबाने जोडणी बिनचूक ! त्याला तीन भोकांमधला फरक तेवढा समजतो. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याशी त्यातले कोणते भोक जुळते, हे त्याला कळण्याची सोयच नाही. स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर मात्र आपल्या अंगातून जमिनीशी जोडला जातो, म्हणून त्याने हे पकडले. त्याचीही खोड आहेच : कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद होतो, आणि कधी नुसत्या शेजारच्या तारेमुळेही किंचित लुकलुकतो. पण दोन्ही मिळून पाहिले तर फसगत पुष्कळ टळते.

दुसरी गोष्ट जमिनीची. पारनेरकडचा मुरूम उन्हाळ्यात कसा होतो ते सांगायला नको. विहिरीला पाणी आहे म्हणून घरामागचा अर्थिंगचा खड्डा ओला असतो असे नाही. टेस्टरच्या दिव्याला एक मिलिअँपिअरच्या आसपास करंट पुरतो. अर्थिंगचा रोध २००० ओहम झाला तरी तेवढ्या करंटला दोनच व्होल्ट कमी पडतात, दिवा तसाच पेटतो. बिघाड झाल्यावर काय होते ते बघा. अर्थिंग ५० ओहमचे धरले, म्हणजे २००० च्या मानाने कितीतरी चांगले, तरी पत्र्यात आलेला फेज जमिनीत फार तर ४.६ अँपिअर सोडतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. म्हणजे तार जोडलेली आहे एवढे टेस्टर सांगतो. वेळ आल्यावर ती भार घेईल का, हे सांगत नाही.

म्हणून मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. अर्थिंग थोडे कमजोर असले तरी एवढी गळती झाली की तो पडतो. त्याच्या अंगावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावे. मात्र ते बटण अर्थिंग तपासत नाही, अर्थिंग नसलेल्या घरातही ते दाबल्यावर आरसीसीबी पडतो. काही सॉकेट टेस्टरला वेगळे बटण असते, ते फेजमधून अर्थिंगमध्ये मुद्दाम ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट सोडते. त्याने आरसीसीबी पडला तर तार आणि आरसीसीबी दोन्ही निदान जागेवर आहेत असे समजावे. पडला नाही तर दोहोंपैकी कोण नादुरुस्त, हे शोधावे लागेल.

न्यूट्रल आणि अर्थिंगची आपसात अदलाबदल झाली असेल तर तीही हा टेस्टर ओळखत नाही, कारण दोहोंमध्ये व्होल्टेज जवळजवळ नसतेच. उलट कधी तो नसलेली चूकही दाखवतो. न्यूट्रल कुठे तरी तुटला आणि त्याच लाइनवर पंखा किंवा बल्ब चालू असला, तर फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो, आणि तक्ता म्हणतो 'फेज-अर्थिंग उलटे'. म्हणून तपासताना बाकीची उपकरणे बंद करून ठेवावीत.

विहिरीवरच्या मोटारीला याचा काहीच उपयोग नाही. तिथे थ्री फेज स्टार्टर, त्याला हा टेस्टर लागूच होत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या गावांत राळेगणसिद्धीची निवड झाली होती. दिवसा वीज मिळाली की रात्रीची वाट टळते हे खरे, पण वीज उन्हावर तयार झालेली असली तरी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग लागतेच. वस्तीवर काही जण जमिनीत सळई ठोकून तिचाच न्यूट्रल करून बल्ब लावतात. त्या सळईला ओल्या हाताने किंवा जनावराने स्पर्श केला तर काय होईल, याचा विचार करावा. हा प्रकार ताबडतोब बंद करावा.

आक्कांच्या घरातला तारेचा तुकडा काढला, दीड इंची जीआय पाइप आठ फूट खोल पुरून कोळसा-मिठाचे थर दिले, आरसीसीबी बसवला. सभासदांनी आपल्या घरी असा आतला तुकडा आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. मेन बंद करून बोर्डावरची अर्थिंगची तार सोडवायची, मग मेन चालू करून टेस्टर लावायचा. अर्थिंगचा दिवा तरीही पेटला तर तो जमिनीतून नव्हे, न्यूट्रलमधून येतो आहे. तेवढा वेळ घरातल्या कोणीही उपकरणाला हात लावू नये. सर्व्हिस वायर किंवा डीपीवर काम झाल्यानंतर तर ही तपासणी पुन्हा करावीच. अर्थिंगचा रोध परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा, आणि तो मे महिन्यात मोजावा; पावसाळ्यात जमीन ओली असल्याने आकडा नेहमीच चांगला येतो.