वीज नव्हती, मोटार नव्हती. मग रोमच्या चौकातली कारंजी चालायची कशी?

रोमचं ट्रेव्ही कारंजं तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिलं असेल. मागे संगमरवरी पुतळे, समोर खळाळतं पाणी आणि पाठमोरं उभं राहून नाणं टाकणारे पर्यटक. हे कारंजं १७६२ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा वीज नव्हती. मग पाणी यायचं कसं?

उत्तर आपल्या गच्चीवर आहे

टाकी गच्चीवर असते, म्हणून तळमजल्याच्या नळाला जोर असतो आणि वरच्या मजल्यावर धार बारीक येते. उंचीत १० मीटरचा फरक असला, की दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा दाब मिळतो. कारंज्याचं गणितही हेच. पाण्याचा स्रोत उंचावर, कारंजं खाली.

ट्रेव्हीचं पाणी इ.स.पू. १९ मध्ये बांधलेल्या, सुमारे २० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून यायचं. त्याला दाब कमी होता. म्हणून तिथे उंच फवारे नाहीत, पाणी खडकांवरून ओघळतं. याच कालव्यावरचं रोममधलं दुसरं कारंजं तर अर्धवट बुडालेल्या होडीसारखं, जमिनीच्या पातळीखाली घडवलंय.

मराठवाड्यातही हेच तंत्र

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला हर्सूलच्या बाजूने, काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणलं होतं. ते उंच भिंतीवर चढवून हौदात सोडलं जायचं आणि त्याच जोरावर जातं फिरायचं. त्याआधी सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरासाठी नहर बांधली होती. तीही उताराच्या बळावर चालायची.

कारंजं शोभेसाठी होतं का?

फक्त शोभेसाठी नाही. रोममध्ये घरोघरी नळ नव्हते, लोक चौकातूनच पाणी भरून न्यायचे. वाहतं कारंजं म्हणजे शहरापर्यंत पाणी पोहोचल्याची खूण.

आता आपल्याकडे पाहा. नांदेड गोदावरीच्या काठावर आहे, तरी विष्णुपुरीचं पाणी पंपाने उपसूनच शहराला द्यावं लागतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण २०१६ मध्ये आटलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं टाळायला जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टँकर होते, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर.

म्हणजे रोममध्ये पाणी भरायला लोक चौकात जमत होते आणि लातूरमध्ये पाण्याजवळ जमायलाच बंदी होती.

म्हणून तुमच्या चौकात नवं कारंजं मंजूर झालं, तर पुतळा कुणाचा हे नंतर विचारा. आधी हे दोन प्रश्न विचारा: पाणी कुठून येणार? आणि तेच पाणी पुन्हा फिरवणार का? ट्रेव्हीतही आता तेच पाणी पंपाने फिरवतात.