फ्रीडरिख हेल्मेर्ट आणि पृथ्वीचा आकार
पृथ्वीचा आकार आणि आकारमान मोजणाऱ्या शास्त्राला, म्हणजे भूगणिताला, स्वतंत्र विद्याशाखेची भक्कम बैठक मिळवून देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे प्रामुख्याने जाते, ते फ्रीडरिख रोबेर्ट हेल्मेर्ट ३१ जुलै १८४३ रोजी सॅक्सनीतील फ्रायबेर्ग या खाणींच्या गावी जन्मले. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यालयात त्यांचे शिक्षक असलेल्या आउगुस्ट नागेल यांनी त्यांना डोंगराळ मुलखातील त्रिकोणीय सर्वेक्षणासाठी मदतनीस म्हणून घेतले. त्याच अनुभवातून, मोजमापांची आखणी कशी केली असता कमी श्रमांत अधिक अचूकता साधेल, या प्रश्नावरील त्यांचा लाइप्झिग विद्यापीठाचा प्रबंध सिद्ध झाला.

हॅम्बुर्गच्या वेधशाळेत थोडा काळ काढून ते १८७० मध्ये आखेनच्या नव्याने सुरू झालेल्या तंत्रविद्यालयात अध्यापक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत सर्जनशील काळ म्हणून याच वर्षांकडे बोट दाखवावे लागेल. १८७२ मध्ये त्यांनी लघुतम वर्ग पद्धतीवर ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष जागेवर मोजलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज क्वचितच हिशेबाबरहुकूम येते. तेव्हा उरलेली तफावत अशा रीतीने वाटून द्यायची, की सर्व दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील, हे या पद्धतीचे सार. याच ओघात त्यांनी त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे जे वितरण १८७५-७६ च्या सुमारास मांडले, तेच आज संख्याशास्त्रात काय-वर्ग वितरण म्हणून शिकवले जाते. मात्र ते शिकणाऱ्यांच्या कानी बहुधा संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचेच नाव पडते, आणि ही उपेक्षा दूर व्हायला हवी.

१८८० आणि १८८४ मध्ये उच्च भूगणितावरील त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड निघाले, पहिला गणिती सिद्धान्तांचा आणि दुसरा भौतिक सिद्धान्तांचा. प्रशियाच्या भूगणित संस्थेचे आधीचे प्रमुख योहान याकोब बायर यांच्या निधनानंतर १८८६ मध्ये हेल्मेर्ट यांनी तिची सूत्रे हाती घेतली, पुढच्याच वर्षी ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १८९२ मध्ये संस्था पोट्सडामच्या टेलेग्राफेनबेर्ग टेकडीवर गेली.

गुरुत्वावरून पृथ्वीचा आकार काढण्याचा दुसऱ्या खंडातील विचार प्रत्यक्षात उतरला तो या टेकडीवर. ध्रुवांकडे चपट्या असलेल्या पृथ्वीवर विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना गुरुत्व वाढत जाते आणि त्या वाढीवरून चपटेपणा काढता येतो, हे फ्रेंच गणिती क्लेरो यांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. तरी प्रत्यक्षात आकार ठरवला जाई तो मुख्यतः भूमीवर मैलोगणती त्रिकोण जोडून. जगभरातील गुरुत्वमापनांच्या आधारे हेल्मेर्ट यांनी १९०१ मध्ये काढलेल्या सूत्रातून हा चपटेपणा १/२९८.३ आला. उपग्रहांच्या साहाय्याने आज मिळालेले मूल्य १/२९८.२६ आहे, म्हणजे केवळ लंबकांच्या आंदोलनांवरून त्यांनी साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे. अमेरिकी भूगणिती हेफर्ड यांचे १/२९७ हे मूल्य १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, पण कालांतराने खरे ठरले ते हेल्मेर्ट यांचेच.

गुरुत्वाचे निरपेक्ष मूल्य काढण्यासाठी हेल्मेर्ट यांच्याच संस्थेतील क्यूनेन आणि फुर्टव्हेंग्लर यांनी १८९८ ते १९०४ या काळात पोट्सडामला उलट-सुलट टांगता येणारे लंबक वापरले. अशा लंबकाला दोन टोकांकडे दोन धारदार आधार असतात. दोन्हींवर दोलनकाल सारखाच आला, की त्या धारांमधले अंतर हीच आदर्श लंबकाची लांबी धरता येते. परंतु झुलताना दांडी किंचित वाकते, आणि एवढ्यानेही उत्तर बिघडते, म्हणून त्याचाही हिशेब करावा लागला. शेवटी आलेले ९८१.२७४ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग हे मूल्य १९०९ पासून जगभरच्या गुरुत्वमापनांचा आधार ठरले. ते सुमारे ०.०१४ ने जास्त आहे, हे पुढे कळले आणि १९७१ मध्ये त्याच्या जागी नवी प्रणाली आली.

हेल्मेर्ट १५ जून १९१७ रोजी पोट्सडामला निवर्तले. एव्हरेस्ट विवृत्ताभावर, म्हणजे पृथ्वीच्या चपट्या आकाराच्या एका गणिती नमुन्यावर, आधारलेल्या जुन्या भारतीय नकाशांवरील स्थाने उपग्रहीय निर्देशांकांत आणताना तीन सरकाव, तीन वळणे आणि एक प्रमाण अशा सात राशींचे जे रूपांतर सर्वेक्षक वापरतात, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.