नाव कुणाचे आहे?

आपल्या डहाणू-तलासरीत भाताचे शेत उभे राहते ते बाईच्या कमरेवर. आवणी ती करते. बेणणी-कापणी ती करते. नागली, वरई तीच सांभाळते. बियाणेही तीच जपते. वारली लोक धान्याची देवी म्हणून कणसरीला मानतात. पण जमिनीचा कागद पाहा. बहुतेक घरी नाव पुरुषाचेच!

नावाने काय होते, असे कुणी विचारील. जरा मागे पाहू. पूर्वी जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर होत्या. पिकवणारा वारली पावसाळ्यात त्यांच्याच दारी खावटी मागे. लग्नासाठी कर्ज काढले, की नवरा-बायको दोघेही वेठबिगार होत. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. गोदावरीबाई परुळेकर या कामात पुढे होत्या. वेठ गेली. पण बाईचे नाव कागदावर यायला पुष्कळ वर्षे लागली.

आता कायदा काय सांगतो?

वनहक्काचा कायदा २००६ सालचा. वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करावा, असे त्यात आहे. बाई एकटी घर चालवीत असेल, तर पट्टा तिच्याच नावे. ही जमीन विकता येत नाही. वारसांना मात्र मिळते. उद्या नवरा वारला, तरी बाईला भावकीच्या तोंडाकडे पाहायला नको.

अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ सालचा. या कायद्याच्या रेशनकार्डावर घरातली सर्वांत वडील बाई कुटुंबप्रमुख असते. तिचे वय १८ वर्षे पुरे हवे. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, तेव्हा हेच धान्य चूल पेटती ठेवते. आपला वाटा किती, हे बाईला ठाऊक असले तर ती तो पुरा मागून घेईल.

बायांनो, आता तुम्हाला अक्षरे येतात. पेटीतले कागद काढा. बोट ठेवून आपले नाव शोधा. रेशनकार्डावर नसेल, तर तहसील कचेरीत अर्ज द्या. वनहक्काचे काम असेल, तर ग्रामसभेला जा. त्या सभेत हजर लोकांपैकी निदान तिसरा हिस्सा बाया असाव्याच लागतात.

आणि दादांनो, तुम्हीही तिच्याबरोबर जा. तिचे नाव लागले, म्हणून तुमचे पुसले जात नाही. घरातले धान्य मात्र राखले जाते.