बंदूक हक्काची की परवान्याची?
भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तोफगोळे भरले जातात. कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याला मात्र साध्या भरमार बंदुकीसाठीही परवाना लागतो. नळीच्या तोंडातून दारू ठासायची ही बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पीकरक्षणासाठी मागता येते. पण अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना नाही. म्हणजे ताडोबालगत जिथे रानडुकरांचा उच्छाद, तिथेच परवान्याची वाट बिकट! शेजारी बांगलादेशात इंग्रजांचा १८७८ चाच कायदा अजून चालतो. पाकिस्तानने १९६५ मध्ये स्वतःचा अध्यादेश काढला. बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क तिन्ही देशांत नाही. भारतात तर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणारी शस्त्रे तिनावरून दोनावर आणली.