काजऱ्याची कडू बी

होमिओपॅथीच्या दवाखान्यातल्या फळीवर 'नक्स व्होमिका' लिहिलेली बाटली हमखास असते. रात्रीची जागरणे, चहा-कॉफीचा मारा, बैठे काम, त्यातून आलेले अपचन, शौचाला जाऊनही पोट साफ न होणे आणि तडकाफडकी चढणारा राग, अशा रोग्याला होमिओपॅथ हे औषध देत आले आहेत. ते ज्या झाडापासून निघते ते कोकण-गोव्यातल्या माणसाच्या अगदी ओळखीचे, म्हणजे काजरा.

काजऱ्याचे फळ गोल असते आणि पिकले की नारिंगी होते. धनेश पक्षी त्याचा गर आवडीने खातो. आतल्या चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या बिया कोटाच्या गुंडीएवढ्या दिसतात, आणि विष मुख्यतः त्यांतच साठलेले असते. झाडाचे लाकूड कठीण आणि कडू असल्याने वाळवी त्याला सहसा लागत नाही. म्हणून शेतीच्या अवजारांना ते चालते. नक्षत्रवनात काजऱ्याला अश्विनी नक्षत्राचा वृक्ष म्हणून जागा मिळते. अश्विनीकुमार देवांचे वैद्य, तेव्हा हा मान शोभतोच.

आयुर्वेदात याला कारस्कर, कुपीलु, विषतिंदुक अशी नावे आहेत, काष्ठौषधींच्या दुकानात कुचला आणि युनानी हकिमांकडे अजाराकी. संधिवात, पक्षाघात, अशक्त झालेल्या नसा आणि मंदावलेली भूक यांसाठी तो वापरला गेला, पण कच्चा कधीच नाही. बिया काही दिवस गोमूत्रात भिजवायच्या, रोज गोमूत्र बदलायचे, मग धुऊन दुधात शिजवायच्या, साल आणि आतला अंकुर काढून टाकायचा, तुपात परतायच्या आणि मगच त्यांची पूड करायची. ही शुद्धी म्हणजे नुसता विधी नव्हे. आजच्या रासायनिक तपासणीतही अशा संस्कारानंतर बियांमधले स्ट्रिक्निन हे विष घटलेले आढळते. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी या जुन्या कल्पांत हाच शुद्ध कुचला असतो आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते. प्रयोगशाळा नसताना वैद्यांनी विषाला असा लगाम घातला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर काढलेल्या 'होर्तुस मलबारिकुस'च्या 1678 च्या पहिल्या खंडात 'कांजिरम' या मल्याळी नावाखाली याच झाडाचे चित्र आहे. युरोपच्या बाजारात मात्र या बियांची ख्याती वेगळीच होती. तिथे त्या कुत्री, मांजरे आणि कावळे मारायला विकल्या जात.

1818 मध्ये पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी स्ट्रिक्निन वेगळे काढले. दोनच वर्षांनी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळवले. पुढे स्ट्रिक्निन उंदीर मारायला गेले, तसेच शक्तिवर्धक म्हणून डॉक्टरांच्या सिरपांतही आले. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजण्यात आली. शर्यत संपली तेव्हा त्याला उभे राहण्याचेही त्राण नव्हते, पण पदक त्यालाच मिळाले!

होमिओपॅथी सुरू करणाऱ्या सॅम्युएल हानेमान या जर्मन वैद्याचा मार्ग निराळा. 1790 मध्ये कलेन या वैद्याच्या औषधिग्रंथाचे भाषांतर करताना त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली आणि हिवतापासारखी लक्षणे जाणवल्याचे लिहून ठेवले. निरोगी माणसात जे औषध जी लक्षणे उठवते तीच लक्षणे ते रोग्यात शमवते, हे सूत्र तिथून निघाले. 1805 च्या त्याच्या लॅटिन ग्रंथात ज्या औषधांची अशी लक्षणे नोंदली आहेत, त्यांत नक्स व्होमिका आहे. तिचा अर्क 1:100 या प्रमाणात पुन्हा पुन्हा पातळ करतात. 30 पोटन्सीला हे तीस वेळा होते; बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. म्हणून त्या गोळ्यांतून विषबाधेची भीती नाही. पण औषधी परिणामाबाबत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये दिलेला निष्कर्ष स्पष्ट आहे: होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारासाठी नाही. रोग्याचा खाणेपिणे, झोप, स्वभाव हा सगळा तपशील निगुतीने विचारण्याची होमिओपॅथांची रीत मात्र कुठल्याही वैद्यकाने उचलावी अशीच आहे.

मूळ अर्काची गोष्ट वेगळी, आणि कच्च्या बियांची तर त्याहून. स्ट्रिक्निन मेरुरज्जूतील ग्लायसिन या रसायनाचा स्नायूंवरचा लगाम तोडते. मग जराशा आवाजाने किंवा स्पर्शानेही सगळे स्नायू एकदम आखडतात, पाठ धनुर्वातासारखी वाकते, शुद्ध मात्र शेवटपर्यंत राहते आणि मृत्यू श्वास कोंडून येतो. यावर खास उतारा नाही. रोग्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून झटके थांबवणारी औषधे द्यायची आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासावर ठेवायचे, एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती असतात. भारतीय औषध नियमावलीने विषारी द्रव्यांच्या ई(1) अनुसूचीत कुचल्याला घातले आहे. तो असलेल्या आयुर्वेदिक औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे त्यामुळे बंधनकारक आहे.